हा कागद वाचणार कोण?

पुण्यात शिवाजीनगरपासून कर्वे रोडपर्यंत विजेच्या खांबांवर आणि बसथांब्यांच्या पाठीवर चिकटवलेल्या जाहिराती कुणी जपून ठेवल्या असत्या, तर संगणक क्षेत्राचा एक स्वस्तातला इतिहास तयार झाला असता. आधी मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई, मग नेटवर्किंगसाठी सिस्कोचं सीसीएनए, मग जावासाठी सन कंपनीचं एससीजेपी, मग सॉफ्टवेअर टेस्टिंग, मग क्लाउड, आता सायबर सिक्युरिटी. अभ्यासक्रमाचं नाव दर काही वर्षांनी बदललं, खाली छापलेली नोकरीची ग्वाही तशीच राहिली. वाचणारेही साधारण तेच राहिले. बी.एस्सी. किंवा डिप्लोमा केलेला, नाहीतर आयटीआयमधून 'कोपा' करून लातूर-जळगावकडून आलेला, कॉट बेसिसवर राहणारा मुलगा. किंवा मूल शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा नोकरीच्या शोधाला लागलेली बाई. प्रश्नही तोच: हे करू, की नको?

त्याला दोन उत्तरं हमखास मिळतात. क्लासवाले सांगतात, 'सर्टिफिकेशनशिवाय आज कुणी दारात उभं करत नाही.' कंपनीत दहा वर्षं काढलेला दादा म्हणतो, 'सर्टिफिकेटला कोण विचारतं रे, स्किल पाहिजे.' पहिला विकायला बसलाय हे कळायला फार अक्कल लागत नाही. दुसरा प्रामाणिक असतो, म्हणून त्याचं उत्तर जास्त फसवं. तो आतून बोलतोय. बाहेरच्या माणसाच्या अंगातलं स्किल आतल्यांना दिसावं कसं, ही अडचण त्याच्यापुरती केव्हाच संपलेली असते.

माझ्या मते 'करू की नको' याच्या आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा. हा कागद वाचणार कोण? शिकायचं ते आपण आपल्यासाठी. प्रमाणपत्र मात्र तिसऱ्याच कुणीतरी वाचायचं असतं आणि वाचून त्यानं काहीतरी ठरवायचं असतं. तो तिसरा माणूस कोण, कुठल्या टेबलावर बसतो आणि काय बघतो, हे सांगता येत नसेल तर फी भरायची घाई करू नये.

याचं सगळ्यांत ओळखीचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, उभं राहिलं आणि एमएस-सीआयटी सुरू झालं. विंडोज, वर्ड, एक्सेल, इंटरनेट, ईमेल असा साधा मामला. तालुक्याच्या बाजारपेठेत, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर त्याची केंद्रं निघाली. पुढे राज्य सरकारच्या अनेक पदांसाठी संगणक अर्हता म्हणून ते मान्य झालं. नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्यांनाही ते करावं लागलं आणि मुदतीत न करणाऱ्यांच्या वेतनवाढी अडकल्या. हाच कागद हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत बायोडेटाला जोडला, तर त्याच्यावर कुणाची नजर ठरणार नाही. सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर मात्र तोच नेमका मागितला जातो. तिथे बसलेल्या माणसाला तुम्हाला एक्सेल येतं का याची उत्सुकता नाही. त्याच्या यादीत एक रकाना आहे, तो भरायचा आहे. नियमानं किंमत दिलेलं प्रमाणपत्र असं असतं. नियम आपल्याला लागू असेल तर वाद घालू नये, करून मोकळं व्हावं. लागू नसेल तर पुढे चालावं.

अमेरिकेतही अशी एक गोष्ट घडली आणि तिचे पडसाद आपल्या क्लासपर्यंत पोचले. कॉम्पटिया या संस्थेचं 'सिक्युरिटी प्लस' हे प्रमाणपत्र तिथे फार मागितलं जातं, असं सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण त्या मागणीचा एक मोठा झरा अमेरिकी संरक्षण खात्यातून येतो. त्या खात्याच्या 2005 सालच्या नियमपुस्तिकेनं माहिती-सुरक्षेचं काम करणाऱ्यांना ठरावीक प्रमाणपत्रं सक्तीची केली. त्यात हे होतं, आणि आज त्या पुस्तिकेच्या जागी आलेल्या नव्या नियमांतही आहे. खात्यासाठी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना ती अट पाळावीच लागते, म्हणून नोकरीच्या जाहिरातींत ते नाव पुन्हापुन्हा दिसतं. पण त्यातल्या बऱ्याच जागांना सुरक्षा मंजुरी लागते आणि ती साधारणपणे अमेरिकी नागरिकांनाच मिळते. नवऱ्याच्या व्हिसावर न्यू जर्सीत गेलेली मराठी मुलगी त्या जाहिराती मोजून परीक्षेला बसली, तर तिनं मोजलेल्या जागांपैकी कितीतरी तिच्यासाठी नव्हत्याच. जाहिराती मोजण्याआधी त्यांच्या तळाशी लिहिलेल्या अटी वाचाव्यात.

आता ज्या नोकऱ्यांत असा नियम नसतो त्यांच्याकडे वळू. तिथे प्रमाणपत्राची किंमत कशी ठरते हे समजून घ्यायला मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाची मदत होते. 1973 मध्ये त्यांनी नोकरीच्या बाजारातल्या 'सिग्नल'वर एक निबंध लिहिला, आणि 2001 मध्ये जॉर्ज अकरलॉफ व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा मुद्दा असा: उमेदवार कामाचा आहे की नाही, हे नेमणाऱ्याला आधी कळू शकत नाही. म्हणून तो बाहेरून दिसणारी एखादी खूण शोधतो, उदाहरणार्थ शिक्षण. पण ही खूण उपयोगी पडायची तर एक अट आहे. कामाच्या माणसाला ती मिळवणं सोपं आणि बिनकामाच्याला अवघड असलं पाहिजे. दोघांनाही सारख्याच कष्टात मिळत असेल, तर त्या खुणेतून काहीच कळत नाही. स्पेन्सच्या गणितात शिक्षणानं माणसाच्या कौशल्यात काडीची भर पडली नाही, तरीही ते खूण म्हणून चालू शकतं. मास्तरांना हे ऐकून वाईट वाटेल, पण नोकरीच्या बाजाराचा बराचसा कारभार त्यावर चालतो.

उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर ज्या आंब्याच्या पेट्या लागतात, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकीवर 'देवगड हापूस' असं छापलेलं असतं. छापायला काही लागत नाही, म्हणून जाणकार गिऱ्हाईक अक्षरं वाचत नाही, आंबा हातात घेऊन वास घेतं. संगणकाच्या प्रमाणपत्रांवर ही वेळ पूर्वीच येऊन गेली आहे. नव्वदच्या दशकात ऑफिसांच्या नेटवर्कवर नोव्हेल कंपनीचं नेटवेअर चालायचं आणि तिच्या सीएनई या प्रमाणपत्राला मोठा भाव होता. मग मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीची लाट आली आणि एमसीएसईला तो भाव आला. भाव आला तशी गर्दी आली. परीक्षा बहुपर्यायी, प्रश्नांचा साठा मर्यादित. परीक्षा देऊन आलेल्यांच्या आठवणीतून जमवलेले प्रश्न, म्हणजेच आजचे 'डम्प्स', विकले जाऊ लागले. सर्व्हरला कधी हात न लावता परीक्षा पास झालेल्यांना अमेरिकेत 'पेपर एमसीएसई' म्हणू लागले. आपल्याकडे वेगळं घडलं नाही. डम्प्सची पीडीएफ पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की आपल्याला गुप्त वाट सापडली. ती वाट बायोडेटा वाचणाऱ्यालाही ठाऊक असते, कारण बहुधा तोही तिथूनच आलेला असतो.

काही कंपन्यांनी यावर उपाय केला. रेड हॅटच्या लिनक्स परीक्षांत पर्याय निवडायचेच नसतात. समोर चालू मशीन देतात आणि कामं सांगतात: डिस्क जोडून द्या, वापरकर्ते तयार करा, सेवा सुरू करा, आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावरही हे सगळं टिकलं पाहिजे. शेवटच्या अटीत भलेभले अडकतात. स्पेन्सच्या भाषेत बोलायचं तर इथे लिनक्स येणाऱ्याला परीक्षा सोपी आणि न येणाऱ्याला जवळजवळ अशक्य आहे. म्हणून आरएचसीएसए या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालाही जाणकारांत मान आहे. कुठलीही परीक्षा निवडताना आधी एवढं बघावं: तिथे हातानं काही करायचं असतं, की फक्त टिचक्या मारायच्या असतात?

मात्र कितीही मानाचं प्रमाणपत्र असलं, तरी ते वाचणाऱ्याच्या हातात आधी पोचलं पाहिजे. मोठ्या आयटी कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत पहिली चाळणी वेगळीच असते. दहावी, बारावी, पदवी सगळीकडे 60 टक्के, बॅकलॉग नको, शिक्षणात मोठा गॅप नको, आणि पास झाल्याचं साल ठरलेलं. अर्ज ऑनलाइन भरताना हे रकाने आधी येतात. बारावीला 52 टक्के असलेल्या मुलाचा अर्ज तिथेच थांबतो आणि त्याचं सीसीएनए कुणी उघडूनही पाहत नाही. क्लासच्या समुपदेशकानं हे सांगायला हवं, पण तसं सांगितलं तर त्या दिवशीचा प्रवेश जातो. उलट ज्याचे टक्के या चाळणीतून पार होतात, त्याला पुढे अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगची परीक्षा असते. तिथेही प्रमाणपत्राचा वेगळा रकाना सहसा नसतो. म्हणजे ज्या नोकरीच्या स्वप्नावर क्लासची जाहिरात उभी असते, त्याच नोकरीत या कागदाला वाचक सर्वांत कमी.

वाचक आहेत ते दुसरीकडे. बँकांचे, कारखान्यांचे, इस्पितळांचे संगणक आणि नेटवर्क सांभाळायची कंत्राटं घेणाऱ्या लहान-मध्यम कंपन्या असतात. त्यांना डेस्कटॉप सपोर्ट लागतो, फील्ड इंजिनीअर लागतात, रात्रपाळीत एनओसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवायच्या कक्षात बसून स्क्रीनवरचे लाल दिवे बघणारी, ज्यांना एल-वन म्हणतात अशी माणसं लागतात. पगार सुरुवातीला तुटपुंजा, बऱ्याचदा थर्ड पार्टीच्या पेरोलवर, आणि बाइक असेल तर बरं. इथे बी.एस्सी. आहे की बी.ई., यावरून फारसं अडत नाही. आणि इथे सीसीएनएला खरोखर वाचक आहे. जाहिरातीतही ते नाव असतं आणि मुलाखत घेणाराही स्वतः नेटवर्कवाला असतो.

त्या मुलाखतीत काय होतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा निकाल तिथेच लागतो. पहिला प्रश्न ओएसआय मॉडेलच्या सात थरांचा. तो प्रत्येकाला येतो, म्हणून त्याला काही अर्थ नसतो. घसा मोकळा व्हावा म्हणून विचारतात. मग प्रश्न येतो: 'युजरचा फोन आला, इंटरनेट चालत नाही. तुम्ही बघितलं तर मशीनचा आयपी 169.254 नं सुरू होतोय. काय समजाल?' पाठांतरवाला इथे थांबतो. प्रत्यक्ष केलेला सांगतो की मशीनला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही, म्हणून त्यानं स्वतःच तात्पुरता लावून घेतलाय. आधी केबल आणि स्विचचं पोर्ट बघेन, पोर्ट योग्य व्हीलॅनमध्ये आहे का ते बघेन, शेजारच्या मशीनला पत्ता मिळतोय का ते विचारेन. पुढचा प्रश्न: '8.8.8.8 ला पिंग जातोय, पण एकही वेबसाइट उघडत नाही.' म्हणजे रस्ता चालू आहे, नावावरून पत्ता शोधणारी डीएनएसची व्यवस्था अडली असावी. एनएसलुकअप चालवून बघायचं. मग कागद पुढे सरकवून: 'एका मजल्यावर 50 मशीन आहेत, कुठला मास्क द्याल?' स्लॅश 26 दिला तर 64 पत्ते होतात, वापरायला 62 उरतात. हे तोंडी, न अडखळता आलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा मागे टेकतो.

या सगळ्या प्रश्नांत प्रमाणपत्राचं नावही आलं नाही. मग त्याचा उपयोग काय झाला? दोन उपयोग झाले. एक, शेकडो अर्जांतून या खुर्चीपर्यंत आणून बसवलं. दोन, अभ्यासाला कुंपण घातलं. दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो आणि गंमत म्हणजे तो फुकट मिळतो. सिस्को, कॉम्पटिया, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन हे सगळे आपापल्या परीक्षेचा आराखडा संकेतस्थळावर खुला ठेवतात. सीसीएनएच्या आराखड्यात नेटवर्कच्या मूलतत्त्वांना 20 टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेसला 20, आयपी कनेक्टिव्हिटीला 25, सुरक्षेला 15, आयपी सेवा आणि ऑटोमेशनला प्रत्येकी 10 असं वजन दिलेलं आहे. एकट्यानं शिकणाऱ्याची मोठी अडचण असते ती कुठून सुरू करावं आणि कुठे थांबावं ही. अनुभवी माणसांनी विचार करून आखलेली ती चौकट इथे आयती मिळते. सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत आहे, त्यात राउटर आणि स्विच पडद्यावर जोडता येतात. लिनक्स कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतं. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सपासून पायथनपर्यंतचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. ते आपल्याकडच्या किती मुलांना माहीत आहेत, याची मला शंका आहे.

म्हणून माझा सल्ला असा की अभ्यासक्रम आजच घ्यावा, परीक्षेचं नंतर बघावं. आराखडा छापून भिंतीला लावावा, तीन-चार महिने रोज त्यातलं थोडंथोडं प्रत्यक्ष करावं, आणि केलेलं वहीत टिपावं: काय जोडलं, काय बिघडलं, कसं सापडलं. त्या वहीतून मुलाखतीत बोलायला जेवढं मिळतं, तेवढं डम्प्सच्या हजार प्रश्नांतून मिळत नाही. मग गावातल्या किंवा शहरातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती बघाव्यात. आपल्याला जमतील अशा वीस जागांपैकी पाच-सहांतही त्या परीक्षेचं नाव असेल तर फी भरावी.

फीचा विचार करावाच लागतो, कारण यातल्या बऱ्याच परीक्षांचे दर अमेरिकेकडे बघून ठरतात. सीसीएनएची परीक्षा 300 डॉलरची. वर 18 टक्के जीएसटी धरला, तर रुपयाच्या अलीकडच्या भावानं ती तीस हजारांच्या घरात जाते. ज्या नोकरीसाठी ती द्यायची, तिचा सुरुवातीचा पगार हातात पंधरा हजारांच्या आसपास असेल, तर हा दोन महिन्यांचा पगार झाला. नापास झालं की पुन्हा पूर्ण फी. क्लासची फी वेगळी, आणि ती परीक्षेच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. इथे बरेच पालक फसतात: क्लासनं कोर्स संपल्यावर दिलेलं चकचकीत प्रमाणपत्र आणि सिस्कोची परीक्षा पास झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर क्लासचा शिक्का असतो आणि त्याला क्लासच्या गल्लीबाहेर वाचक नाही. 'सीसीएनए केलं' असं सांगणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण फक्त क्लासला गेलेले असतात. मुलाखतकार पडताळणीचा क्रमांक मागतो, तेव्हा ते उघड होतं.

क्लाउडच्या पहिल्या पायरीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सध्या सगळ्यांत जास्त विक्री तिथे आहे. अ‍ॅमेझॉनचं 'क्लाउड प्रॅक्टिशनर' 100 डॉलरचं आहे. नव्वद मिनिटांत 65 प्रश्न, त्यातले 15 गुणांत धरतच नाहीत. मायक्रोसॉफ्टचं 'अझ्युअर फंडामेंटल्स', म्हणजे एझेड-900, भारतात त्याहून बरंच स्वस्त पडतं आणि त्याची मुदतही संपत नाही. दोन्ही परीक्षा चांगल्या आखलेल्या आहेत. पण त्या कुणासाठी आहेत हे त्या बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय. विक्री, खरेदी, व्यवस्थापन अशा कामांतल्या, तांत्रिक पार्श्वभूमी नसलेल्या माणसालाही क्लाउडची भाषा कळावी, हा त्यांचा एक हेतू आहे. अभियंता म्हणून नोकरी मागणाऱ्याच्या बायोडेटात त्यांच्यातून कळतं ते एवढंच की याला शब्द माहीत आहेत. अकाउंट्समधून आयटीच्या बाजूला सरकू पाहणाऱ्या बाईला मात्र त्यांचा खरा उपयोग होतो. तिच्याबद्दलची 'हिला यातलं काय कळणार' ही शंका त्या नेमकी पुसतात. ज्या बायोडेटात अशी पाच-सहा 'फंडामेंटल्स' ओळीनं मांडलेली असतात आणि खाली एकही केलेलं काम नसतं, तो बघून मला तरी उमेदवाराची काळजीच वाटते.

कॉम्पटियाचं 'ए प्लस' हे 1993 पासून चालत आलेलं प्रमाणपत्र अमेरिकेत हेल्पडेस्कच्या नोकरीची रूढ पहिली पायरी मानलं जातं. दोन परीक्षा, प्रत्येकीला जास्तीत जास्त 90 प्रश्न. प्रिंटर, रॅम, वाय-फाय, मोबाइल, विंडोजची दुरुस्ती असा अभ्यास अगदी उपयोगी. तरीही भारतात त्याला गिऱ्हाईक कमी. अमेरिकेत हेल्पडेस्कवर पदवी नसलेली माणसंही येतात, तेव्हा त्यांना ओळखायला काही खूण लागते. इथे त्याच खुर्चीसाठी बी.ई. आणि एमसीए झालेलेही रांगेत असतात, नेमणारा पदवीच खूण म्हणून वापरतो, आणि दोन परीक्षांची डॉलरमधली फी पगाराशी कुठेच जुळत नाही. तो अभ्यास करा, परीक्षा सोडून द्या.

मुदतीचा विषय लोक विसरतात. ए प्लस 2010 अखेरपर्यंत आयुष्यभरासाठी असायचं, 2011 पासून ते तीन वर्षांचं झालं. सीसीएनएही तीन वर्षांचंच. मायक्रोसॉफ्टनं तर एमसीएसई हे नावच जानेवारी 2021 मध्ये निकालात काढलं आणि कामाच्या भूमिकेनुसार नवी प्रमाणपत्रं आणली. त्यांतली बरीच दरवर्षी नव्यानं सिद्ध करावी लागतात, ऑनलाइन आणि विनाशुल्क. फेब्रुवारी 2020 मध्ये सिस्कोनं सीसीएनएचे राउटिंग, सिक्युरिटी, वायरलेस वगैरे वेगवेगळे प्रवाह मोडून एकच परीक्षा ठेवली. तंत्रज्ञान बदलतं, हे याचं अर्धं कारण. दुसरं अर्धं असं की परीक्षा घेणं हाही एक धंदा आहे. कॉम्पटियाचा प्रमाणपत्रांचा व्यवसाय ना-नफा संघटनेकडून 2025 च्या सुरुवातीला एच.आय.जी. कॅपिटल आणि थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपन्यांकडे गेला, तो त्यात कमाई दिसली म्हणूनच. तिसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी आज परीक्षा देतो, नोकरी शोधण्यात वर्ष जातं, आणि कागद कामाला येईपर्यंत त्याचं निम्मं आयुष्य सरतं. परीक्षा नोकरी शोधण्याच्या तोंडावर द्यावी ती यासाठी.

फुकटच्या परीक्षाही जरा उलटून बघाव्यात. आयएससी-टू या संस्थेनं 2022 मध्ये सायबर सुरक्षेतलं प्रवेशिका म्हणावं असं प्रमाणपत्र काढलं आणि दहा लाख लोकांना त्याचा अभ्यासक्रम व परीक्षा मोफत देण्याची घोषणा केली. अभ्यासक्रम नेटका आहे आणि नवख्यानं करावा असा आहे. पण पास झाल्यावर प्रमाणपत्र हातात यायचं आणि टिकायचं तर वर्षाला 50 डॉलर भरायचे असतात. याच्या तुलनेत आपल्याकडे एनपीटीईएलचा मार्ग साधा वाटतो. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम मोफत, घरचा अभ्यास दर आठवड्याला, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असेल तर फी एक हजार रुपये. नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस यांचा पाया पक्का व्हावा म्हणून मी हे कुठल्याही कंपनीच्या प्रवेशिकेआधी सुचवेन. त्याचा वाचक मात्र कॉलेज आणि काही जाणते मुलाखतकार एवढाच आहे, हेही सांगायला हवं.

उरला एक वाचक, आणि तोच सर्वांत उदार. सिस्को, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन यांची उत्पादनं विकणाऱ्या आणि बसवून देणाऱ्या कंपन्यांना 'पार्टनर' म्हणून वेगवेगळ्या श्रेणी मिळतात. वरची श्रेणी मिळवायला इतर गोष्टींबरोबर कंपनीत ठरावीक संख्येनं प्रमाणपत्रधारक कर्मचारी असावे लागतात. श्रेणी वाढली की सवलत वाढते, मोठी कामं मिळतात. म्हणून या कंपन्या आपल्या माणसांना परीक्षेला बसवतात आणि पास झाल्यावर फी परत करतात. बाहेर तीस हजार मोजून घ्यावा लागणारा कागद आत गेल्यावर कंपनीच्या पैशानं मिळतो, आणि वर्षाअखेरीच्या अप्रेझलमध्येही त्याची नोंद होते. नव्यानं रुजू झालेल्यानं पहिल्या काही महिन्यांतच मॅनेजरला विचारावं की कुठल्या परीक्षेची कंपनीला गरज आहे. विचारताना संकोच करायचं कारण नाही, श्रेणी टिकवायला त्यांना तशी माणसं हवीच असतात. काही ठिकाणी फी परत करताना वर्षभर कंपनी सोडायची नाही अशी अट घालतात, आणि सोडली तर पैसे पगारातून कापतात. परीक्षेची तारीख घेण्याआधी ती अट एचआरकडून ईमेलवर मागून घ्यावी.